आसन सभागृहाचे : विधिमंडळाचे पीठासीन पद आणि सातारा-सांगलीचा वारसा

महाराष्ट्राच्या विधानसभेत सदस्य बोलायला उभा राहिला की त्याचा पहिला शब्द असतो ‘अध्यक्ष महाराज’. विधान परिषदेत त्याच जागी ‘सभापती महोदय’ येते. समोरच्या मंत्र्याचा कितीही राग आलेला असो, विरोधकाला कितीही खडे बोल सुनवायचे असोत, बोलायचे ते आसनाकडे तोंड करून. आपल्या गावांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. बांधावरचे भांडण चावडीवर आले की दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही, पंचांना उद्देशून बोलायचे. मध्ये तिसरा माणूस बसला की आवाज खाली येतो, शब्द जपून येतात आणि भांडणाचा वाद होतो, वादाचा निवाडा होतो. लोकशाहीचे मोठे सभागृह याच साध्या शहाणपणावर उभे आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यानंतर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत या तिसऱ्या माणसाच्या जागेवर अनेकजण बसले. त्यांतल्या पाच जणांचे सार्वजनिक जीवन सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या मातीत घडले होते. विधानसभेत पाटणचे बाळासाहेब देसाई आणि कोरेगावचे शंकरराव जगताप. विधान परिषदेत तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख आणि फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर. परिषदेपुरता हिशेब केला तर १९६० ते २०२२ या काळात निम्म्याहून अधिक वर्षे सभापतिपद याच दोन जिल्ह्यांकडे होते.

दोन जिल्हे म्हणायचे, पण मूळ घर एकच. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वर आलेल्या नावांतल्या जुन्या पिढीचा जन्म एकाच सातारा जिल्ह्यात किंवा त्याच्या अंगणातल्या संस्थानांत झाला, आणि सगळ्यांच्या मागे एकच इतिहास आहे. या पाच कारकिर्दींच्या आधाराने विधिमंडळाच्या पीठासीन पदाची कहाणी सांगण्याचा हा प्रयत्न आहे. प्रत्येकाच्या वाट्याला आसनाचे वेगळे रूप आले. पाचही रूपे जोडून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे समोर येते : हे आसन बसणाऱ्याचे नाही, त्याला बसवणाऱ्या सरकारचेही नाही. ते सभागृहाचे आहे.

राज्यकर्ता आसनावरून उतरला

मुंबई इलाख्यात कायदे करणारी कौन्सिल आली ती १८६१ च्या कायद्याने. पुढच्याच वर्षी तिची पहिली बैठक भरली. त्या कौन्सिलच्या अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर बसत. राज्य चालवणारा तोच, कायदा आणणारा तोच आणि कोणी किती बोलायचे हे ठरवणाराही तोच. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांनी सरकारवर टीका केली ती सरकारच्याच प्रमुखाला ‘अध्यक्ष’ म्हणून संबोधत.

ही अडचण दूर व्हायला साठ वर्षे लागली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर १९२१ मध्ये नवी कौन्सिल भरली तेव्हा गव्हर्नर आसनावरून उतरले आणि सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले. पहिली नेमणूक सरकारची होती. पुढचे अध्यक्ष कौन्सिलने आपल्यातून निवडायचे, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. चंदावरकरांनंतर सर इब्राहिम रहिमतुल्ला आसनावर आले. राज्यकर्ता एका बाजूला आणि सभेचा प्रमुख दुसऱ्या बाजूला, ही फारकत तेव्हा झाली. पुढे जे काही घडले ते या एका फारकतीतून.

१९३७ मध्ये इलाख्यात दोन सभागृहे आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर हे सातारचे. काँग्रेसने सत्ता घ्यायला नकार दिल्याने त्यांचे मंत्रिमंडळ आले आणि अवघ्या काही महिन्यांत, जुलैमध्ये, पायउतार झाले. त्यानंतर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि गणेश वासुदेव मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष, तर मंगलदास पक्वासा विधान परिषदेचे अध्यक्ष झाले. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष १९५२ मध्ये तेच झाले. मुंबईच्या आसनावर त्यांनी घालून घेतलेली शिस्त दिल्लीला गेली, असे म्हणायला हरकत नाही. मुंबई विधानसभेत त्यांच्यामागून अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया, मग दत्तात्रय कुंटे, मग सयाजी सिलम अध्यक्ष झाले. १९६० मध्ये नव्या राज्याच्या विधानसभेचे पहिले अध्यक्षही सिलमच.

त्याच सुमारास साताऱ्याच्या पूर्वेकडे एक लहानसा पण विलक्षण प्रयोग चालू होता. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या पुढाकाराने राज्यघटना तयार झाली. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती आणि तिच्यातून संस्थानचे विधिमंडळ, अशी ती रचना. औंध साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत. चार वर्षांनी याच पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि त्याची न्यायदान मंडळे गावोगावी तंटे सोडवू लागली. राजाने स्वतः होऊन सत्ता सोडलेली पाहिलेली आणि परक्या राज्याला न जुमानता आपला निवाडा आपण केलेली ही माणसे. सभा भरवायची, सगळ्यांचे ऐकायचे, मग ठरवायचे, याची सवय या भागाला विधिमंडळात जाण्याआधीच लागलेली होती.

आसनावर बसून करायचे काम

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अध्यक्ष म्हणजे घंटा वाजवून ‘शांत बसा’ म्हणणारा माणूस. त्याचे खरे काम सभागृह भरण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. सदस्यांनी पाठवलेले तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव यांतले काय दाखल करायचे आणि काय नाकारायचे, हे तो ठरवतो. कामकाज सल्लागार समितीचा तो प्रमुख. कोणत्या विधेयकाला किती तास, कोणत्या चर्चेला किती वेळ, हे त्या समितीत ठरते. दुष्काळी तालुक्यातल्या नवख्या आमदाराची लक्षवेधी त्या दिवशी चर्चेला येणार की मागे पडणार, हे या टेबलावर निश्चित होते. एखाद्या गावाच्या पाण्याचा प्रश्न मुंबईत ऐकला जातो तो या टेबलावरून पुढे सरकला तरच.

सभागृह भरले की दुसरे काम. गणपूर्ती आहे की नाही ते पाहायचे. कोणाला बोलू द्यायचे ते ठरवायचे. औचित्याच्या मुद्द्यावर जागच्या जागी निर्णय द्यायचा. असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकायचे. गोंधळ हाताबाहेर गेला तर सदस्याला नाव घेऊन समज द्यायची, निलंबनाचा प्रस्ताव आल्यास तो मताला टाकायचा. न्यायाधीशांच्या वर्तनाची सभागृहात चर्चा होऊ द्यायची नाही. शेवटी प्रस्ताव मताला टाकून ‘होय’ आणि ‘नाही’ ऐकायचे आणि कोणी हरकत घेतली तर मतविभागणी करायची. हे चालू असताना स्वतः मत द्यायचे नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार मते समसमान पडली तरच निर्णायक मत. पंचवीस-तीस वर्षे सभा गाजवून आलेल्या माणसाला या एका अटीने गप्प बसवले जाते, आणि तिथेच त्याची परीक्षा सुरू होते.

विधानसभेच्या अध्यक्षाकडे एक जास्तीचा अधिकार आहे. एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, याचा निर्णय त्याचा, आणि तो अंतिम. असे विधेयक विधान परिषदेला १४ दिवसांत परत पाठवावे लागते. साध्या विधेयकावर परिषदेला अधिक काळ विचार करता येतो. परिषदेच्या सभापतीचे वैशिष्ट्य वेगळे आहे. विधानसभा विसर्जित होते, परिषद कधीच होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. ७८ सदस्यांच्या या सभागृहात आमदारांनी निवडलेले, स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधरांचे, शिक्षकांचे आणि राज्यपालांनी नामनिर्देशित केलेले असे पाच वाटांनी लोक येतात. २८८ आमदारांची विधानसभा जनमताच्या लाटेवर भरते आणि ओसरते. परिषद हळूहळू बदलते. तिच्या सभापतीला त्या सलगतेचा राखणदार व्हावे लागते.

घटनाकारांनी या पदाला सरकारच्या मेहेरबानीवर ठेवलेले नाही. अध्यक्ष आणि सभापती यांचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते, त्यावर मतदान होत नाही. विधिमंडळाचे सचिवालय शासनाच्या सचिवालयापासून वेगळे असते. आणि निवड झाल्यावर नव्या अध्यक्षाला मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेते दोघे मिळून आसनापर्यंत नेतात. त्या चार पावलांत या पदाचा सगळा अर्थ सामावलेला आहे. दोन्ही बाजूंनी हाताला धरून नेलेल्या माणसाने पुढे एका बाजूचे होऊन चालत नाही.

विसापूरचे पागे : अठरा वर्षांचे सभापतिपद

विठ्ठल सखाराम पागे १९६० मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. रीगलच्या चौकातली जुनी कौन्सिल हॉलची इमारत, जिथे आज राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे, ती त्यांच्या कारकिर्दीची साक्षीदार. या अठरा वर्षांत यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री आले. सभापती एकच राहिले. स्वातंत्र्यसैनिक, कायद्याचे जाणकार, संतसाहित्याचे अभ्यासक, अशी त्यांची ओळख होती. शब्दाचे वजन ओळखणारा आणि शब्द जपून वापरणारा माणूस या आसनाला लागतो. पागे यांच्या ठिकाणी तो वकिली आणि वारकरी अशा दोन्ही परंपरांतून आला होता.

पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस आला तर आला. हाताला काम नसले की माणसे घर बंद करून बाहेर पडत. विसापूरच्या स्वतःच्या शेतीत कामाला किती माणसे लागतात, किती दिवस लागतात, त्याला किती पैसा लागतो, असा घरगुती हिशेब पागे यांनी मांडला आणि तोच हिशेब राज्याला लावून पाहिला. मागेल त्याला काम देणे ही राज्याची जबाबदारी मानली तर खर्च किती येईल, आणि त्या खर्चातून बांध, तलाव, रस्ते किती उभे राहतील? हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळवला. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो हातांना काम देण्याची वेळ आली तेव्हा राज्यापुढे ही वाट तयार होती. पुढे व्यवसाय कराचा पैसा या योजनेसाठी राखून ठेवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम, असा तो सेतू.

इथे एक प्रश्न उभा राहतो. तटस्थ राहण्याची शपथ मनाशी घेतलेल्या सभापतीने सरकारला योजना सुचवावी का? पागे यांच्या कारकिर्दीतच त्याचे उत्तर आहे. आसन पक्षाच्या बाबतीत मुके असते, माणसाच्या दुःखाच्या बाबतीत नाही. त्यांच्या कल्पनेचे वजन कोणत्याही गटाच्या बेरजेतून आलेले नव्हते. म्हणून सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही ती आपली वाटली. सभापतिपद सोडवत नाही म्हणून ते त्या खुर्चीवर राहिले नाहीत, खुर्चीने दिलेल्या निष्पक्षपणाचा त्यांनी उपयोग केला. आज विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचेच नाव आहे.

१९७७ : एका जुन्या जिल्ह्यातली तीन माणसे

जुलै १९७७ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षपदी बाळासाहेब देसाई आले. त्या वेळी मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील आणि परिषदेत सभापती होते विसापूरचे पागे. राज्याचा मुख्यमंत्री आणि दोन्ही सभागृहांचे प्रमुख, तिघेही जुन्या सातारा जिल्ह्यातले. त्याच १९७७ सालच्या नावाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम कायद्याच्या पुस्तकात नोंदला आहे. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागितलेले काम हा हक्क आहे, असे भारतात प्रथमच एका राज्याने कायद्याने मान्य केले. तासगावच्या कोरड्या शिवारात सुरू झालेला विचार कायदा झाला, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातून तो देशभर गेला.

बाळासाहेब देसाई हा मोठ्या आवाजाचा, धडाडीचा माणूस. जिल्हा लोकल बोर्डातून वर आलेला. शिक्षणमंत्री असताना त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांना फीमाफी दिली. ई.बी.सी. हा शब्द त्या काळी खेड्यापाड्यांत घरोघरी पोहोचला, आणि त्या सवलतीवर शिकलेली एक अख्खी पिढी पुढे मास्तर, तलाठी, वकील, डॉक्टर झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. पाटण हा त्यांचा स्वतःचा तालुका. तेव्हा ते राज्याचे गृहमंत्री होते.

कृती हाच ज्याचा स्वभाव, त्या माणसाने सदुसष्टाव्या वर्षी आसनावर बसून ऐकण्याचे काम पत्करले. काळ थोडा होता, मार्च १९७८ पर्यंत. त्यातही एक घटनात्मक बारकावा दिसतो. अनुच्छेद १७९ सांगतो की विधानसभा विसर्जित झाली तरी अध्यक्षाचे पद लगेच संपत नाही. नवे सभागृह पहिल्यांदा भरण्याच्या अगदी आधीपर्यंत ते टिकते. आमदार माजी होतात, अध्यक्ष अजून अध्यक्ष असतो. राज्याच्या निवडणुकीच्या धामधुमीत, सगळे पक्ष एकमेकांवर तुटून पडलेले असताना, विधानसभेच्या नावाने एक माणूस तरी उभा असावा, अशी ही योजना आहे.

कोरेगावचे जगताप आणि दहावी अनुसूची

शंकरराव जगताप मार्च १९८५ मध्ये अध्यक्ष झाले आणि मार्च १९९० पर्यंत पूर्ण मुदत आसनावर राहिले. विधिमंडळ तोवर नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात आले होते. या पाच वर्षांत वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले. सरकारच्या प्रमुखाची जागा इतक्या वेळा हलली, सभागृहाच्या प्रमुखाची नाही. पद सरकारपासून वेगळे ठेवल्याचा फायदा अशा वेळी दिसतो.

जगताप आसनावर आले तेव्हा या पदावर एक नवे ओझे नुकतेच आले होते. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १ मार्च १९८५ पासून लागू झाली. पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश झुगारणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाते की राहते, याचा निर्णय विधानसभेत अध्यक्षाने आणि परिषदेत सभापतीने करायचा. तोवर अध्यक्ष चर्चेचा पंच होता. आता तो सदस्यांच्या भवितव्याचा न्यायाधीशही झाला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात ही अनुसूची टिकवली, पण अध्यक्षाच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकेल, असेही सांगितले.

या अनुसूचीत एक परिच्छेद आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पाचव्या परिच्छेदात असे म्हटले आहे की अध्यक्ष किंवा सभापती म्हणून निवड झाल्यामुळे एखाद्याने आपला पक्ष सोडला, आणि पद सुटल्यावर तो पुन्हा त्याच पक्षात गेला, तर त्याला पक्षांतराचा दोष लागणार नाही. ज्या कायद्याने इतर सगळ्यांना पक्ष सोडण्याची बंदी केली, त्याच कायद्याने आसनावरच्या माणसासाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवले. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचा अध्यक्ष निवड होताच पक्ष सोडतो. आपल्या कायद्याने ती सक्ती केली नाही, सोय मात्र करून ठेवली. न्याय करायला बसलेल्या माणसाने निदान त्या काळापुरता पक्षाचा अंगरखा खुंटीला टांगावा, ही अपेक्षा त्या ओळींतून स्पष्ट वाचता येते. आज अपात्रतेच्या याचिका महिनोन्महिने चालतात आणि साऱ्या राज्याचे डोळे आसनाकडे लागतात. अशा वेळी तो पाचवा परिच्छेद पुन्हा उघडून वाचावा, असे मला मनापासून वाटते.

कोकरूडचे देशमुख : सभागृहाचा अधिकार

शिवाजीराव देशमुख यांची ओळख शिराळ्याचे आमदार आणि मंत्री म्हणून. वारणेच्या काठावरचे कोकरूड हे त्यांचे गाव. २००४ मध्ये ते परिषदेचे सभापती झाले आणि दहा वर्षांहून अधिक काळ राहिले. या काळात एक योग जुळून आला. कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि ते विधान परिषदेचे सदस्य होते. म्हणजे साताऱ्याच्या मुख्यमंत्र्याला त्याच्या स्वतःच्या सभागृहात सांगलीच्या सभापतींसमोर उभे राहून ‘सभापती महोदय’ असा प्रारंभ करावा लागे. आसनाचे मोठेपण समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

मार्च २०१५ मध्ये परिषदेत त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. राष्ट्रवादी काँग्रेसने तो मांडला, भारतीय जनता पक्षाने पाठिंबा दिला आणि तो मंजूर झाला. सभापतीला ठरावाने दूर करण्याचा असा प्रसंग महाराष्ट्राने क्वचितच पाहिला आहे. त्यातले राजकारण बाजूला ठेवून घटनेने काय ठरवले आहे ते पाहावे. अनुच्छेद १८३ प्रमाणे असा ठराव आणण्यापूर्वी किमान १४ दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि उपस्थितांच्या नव्हे, सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने तो मंजूर व्हावा लागतो. अनुच्छेद १८५ सांगतो की ठराव चर्चेला असताना सभापती आसनावर बसू शकत नाही, पण सभागृहात हजर राहू शकतो, बोलू शकतो, पहिल्या फेरीत मतही देऊ शकतो. समसमान मतांवेळी निर्णायक मत मात्र त्याला नसते.

या तरतुदी वाचताना माझ्या मनात नेहमी एक चित्र उभे राहते. वर्षानुवर्षे वर बसलेला माणूस खाली सदस्यांच्या बाकावर येतो आणि वरच्या आसनाकडे तोंड करून, सगळ्यांसारखाच, ‘सभापती महोदय’ म्हणून बोलायला उठतो. आसन कोणाचे, याचे उत्तर त्या क्षणी सगळ्यांना दिसते. ज्याने बसवले त्या सभागृहाचा उठवण्याचा अधिकारही असतो. तो अधिकार कधी योग्य वापरला जाईल, कधी वादाचा ठरेल. तो सभागृहाच्या हाती असणे मात्र लोकशाहीला आवश्यकच आहे.

फलटणचे रामराजे आणि रिकामी आसने

देशमुखांनंतर मार्च २०१५ मध्येच रामराजे नाईक-निंबाळकर सभापती झाले. फलटण हे पूर्वीचे संस्थान, आणि त्यांचे घराणे तिथले. ज्या घराण्याने कधी स्वतःचा दरबार भरवला, त्यातला एकजण मतदानाने निवडून येऊन नियमांच्या पुस्तकाप्रमाणे सभा चालवू लागला. औंधच्या राजाने जो प्रवास एका पिढीत केला तो फलटणमध्ये असा पूर्ण झाला. जलसंपदा खात्याचा कारभार पाहिलेल्या आणि कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी भांडलेल्या या माणसाने सात वर्षे परिषद सांभाळली. त्यात राज्यात दोनदा मोठे सत्तांतर झाले, करोनाची साथ आली, आणि अधिवेशने आखडती घ्यावी लागली.

३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. ते रामराजे यांचे जावई. चार दिवस दोन सभागृहांचे प्रमुख सासरे आणि जावई होते. त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यातले दरे. १९७७ च्या योगाची आठवण करून देणारा हा आठवडा साताऱ्यात कौतुकाने बोलला गेला. ७ जुलै २०२२ रोजी रामराजे यांची सदस्यत्वाची मुदत संपली, आणि सदस्यत्वाबरोबर सभापतिपदही. परिषदेच्या सभापतीला विधानसभेच्या अध्यक्षासारखे संरक्षण नाही. सभागृह अखंड असले तरी त्याचे स्वतःचे सदस्यत्व संपले की त्याला उतरावे लागते. त्याआधीच जूनमध्ये झालेल्या निवडणुकीत ते परिषदेवर पुन्हा निवडून आले होते, पण आसनावर परतले नाहीत.

आणि आसन रिकामे राहिले. १९ डिसेंबर २०२४ रोजी राम शिंदे यांची निवड होईपर्यंत, म्हणजे २९ महिने, परिषदेला सभापती नव्हता. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. १९२१ च्या कौन्सिलपासून मोजलेल्या परिषदेच्या शताब्दीचा सोहळा सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत झाला, तेव्हाही सभापतिपद रिकामेच होते. त्याआधी विधानसभेत नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपद सोडल्यावर जवळपास १७ महिने उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यावर भार होता. उपाध्यक्ष आणि उपसभापती यांनी तो पार पाडला, त्यांचे ऋण मानले पाहिजे. तरीही घटनेने अध्यक्ष आणि सभापती यांची निवड ‘शक्य तितक्या लवकर’ करावी असे म्हटले आहे. त्या तीन शब्दांना दिवसांची मर्यादा नाही, म्हणून त्यांचा अर्थ आपण दोन-अडीच वर्षांपर्यंत ताणला. गावच्या चावडीवरची पंचाची जागा दोन पावसाळे रिकामी ठेवली तर गाव काय म्हणेल, हे या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वारसा कशाचा

सातारा-सांगलीने विधिमंडळाला पाच पीठासीन अधिकारी दिले, याचा अभिमान आहेच. पण वारसा केवळ संख्येचा नसतो. पागे यांनी आसनावरून समाजाकडे पाहायला शिकवले. देसाई यांनी गाजलेल्या आवाजाला संयमाची सवय लावली. जगताप यांनी नव्या कायद्याचे ओझे प्रथम उचलले. देशमुखांच्या कारकिर्दीच्या अखेरीने सभागृहाचा अंतिम अधिकार दाखवला. रामराजे यांच्यानंतरच्या पोकळीने आसन रिकामे राहिले की सभागृहाचे काय होते ते दाखवले. पाचही धडे एकाच दिशेने नेतात. हे पद मोठे होते ते बसणाऱ्याच्या मौनाने, आणि ते मौन तेव्हाच विश्वासार्ह ठरते, जेव्हा सर्वांत धाकट्या विरोधी सदस्यालाही वाटते की आपले बोलणे वर ऐकले जात आहे.

म्हणून काही मागण्या या भागाने पुढे होऊन केल्या पाहिजेत. रिक्त आसन ठरावीक दिवसांत भरले जावे, असा नियम विधिमंडळाने स्वतः करावा. अपात्रतेच्या याचिकांना मुदत असावी. आसनावर बसणाऱ्याने पक्षाची बैठक, पक्षाचे व्यासपीठ यांपासून दूर राहावे, आणि जमेल त्याने पाचव्या परिच्छेदाच्या दारातून खरोखर बाहेर पडून दाखवावे. घटनादुरुस्तीची वाट न पाहता हे सगळे करता येते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी सरपंच असतो. पाटणच्या डोंगरातल्या वाडीपासून जतच्या माळापर्यंत, हजारो गावांत ही खुर्ची वर्षातून अनेकदा मांडली जाते. त्या खुर्चीवरच्या माणसाने विरोधकाचा प्रश्न आधी घेतला, बाईच्या तक्रारीला वेळ दिला, गोंधळात सभा गुंडाळून पळाला नाही, तर विधान भवनातल्या आसनाचे निम्मे काम तिथेच झाले. कारण उद्याचे आमदार याच सभांमधून तयार होतात. मुंबईला गेल्यावर वि. स. पागे यांच्या नावाच्या प्रशिक्षण केंद्रात ते नियम शिकतील. ‘अध्यक्ष महाराज’ म्हणण्याचा आदर मात्र त्यांनी गावाच्या सभेतूनच बरोबर न्यायला हवा.